नोंदीतला सैनिक

खानदेशातून फौजेत जाणारी वाट जुनी आहे. १८२५ मध्ये जेम्स आउटरॅम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. तेव्हापासून तापी-गिरणेच्या खोऱ्यातली माणसे कुठल्या ना कुठल्या लष्करी हजेरीपटावर आहेत. आज जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत चाळीसगावपासून साक्रीपर्यंत गावोगावी निवृत्त फौजी भेटतात. त्यांनी कुठली लढाई पाहिली, गोळी कुठे लागली, हे गावाला तोंडपाठ असते. सरकारला मात्र कागदावर लिहिलेले असेल तेवढेच ठाऊक असते. कागदावर नाव चुकले, तर बायकोचे निवृत्तिवेतन अडते. जखमेचे कारण चुकीचे लिहिले गेले, तर युद्धजखमीचा हक्क जातो. युद्धक्षेत्रातली हजेरी नोंदलीच गेली नाही, तर पदक मिळत नाही.

अशा चुका दुरुस्त करता येतात. त्यासाठी अर्ज लिहिण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत: कागद कुणाच्या ताब्यात आहे, चूक नेमकी कोणत्या कागदात आहे, आणि आपण मागतो ते नियमाने मिळणारे आहे की कुणाच्या शिफारशीवर अवलंबून आहे. चुकीच्या दारात दिलेला बरोबर अर्जही पडून राहतो. म्हातारपणी त्यात गेलेली वर्षे कुणी भरून देत नाही.

कागद कुणाकडे असतो

सैनिकाची मूळ कागदपत्रे जिल्ह्यात नसतात. ती त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला आणि सिग्नल्सचे जबलपूरला. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला आणि वायुसैनिकांच्या दिल्लीत असतात. अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीच्या सेना मुख्यालयात सांभाळल्या जातात. जवान आणि जेसीओ यांच्यासाठी मात्र रेकॉर्ड ऑफिस हेच पहिले दार.

तिथे त्याच्या नावाने शीट रोल असतो. भरतीच्या दिवशी लिहिलेले नाव, वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख, अंगावरची खूण, पुढे वारसाचे नाव, बढत्या, शिक्षा, जखमा, पदके हे सगळे त्यात चढत जाते. त्यातली नोंद आपोआप बदलत नाही. लग्न झाले, मूल झाले, जखम झाली, की युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढते आणि तिच्या आधारे रेकॉर्ड ऑफिस नोंद करते. जी गोष्ट पार्ट टू ऑर्डरमध्ये आली नाही, ती फौजेच्या दृष्टीने घडलीच नाही.

निवृत्तीच्या वेळी सैनिकाच्या हाती डिस्चार्ज बुक येते. निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ, प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून निघतो. आता हे वेतन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून मिळते. म्हणजे एकाच माणसाची माहिती किमान चार ठिकाणी असते: शीट रोल, डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि स्पर्श. शीट रोल बरोबर आणि पीपीओ चूक असेल, तर काम तुलनेने सोपे, कारण मूळ पुरावा फौजेच्याच हातात आहे. शीट रोलच चूक असेल, तर नव्याने पुरावा उभा करावा लागतो. म्हणून दुरुस्ती मागण्याआधी हे चारही कागद शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ पडताळावेत.

खानदेशी नाव आणि लष्करी रकाना

आपल्याकडे नावांच्या चुका होण्यामागे सरळ कारणे आहेत. भरतीच्या वेळी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले जाते आणि लिहिणारा बहुधा परप्रांतातला असतो. सोनवणे, चौधरी, पाटील ही आडनावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतात. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव अशी आपली शाळेच्या दाखल्याची पद्धत. ती कुठे तशीच उतरते, कुठे उलटते, तर कुठे आडनावच गळते. समजा, शीट रोलवर 'भास्कर नामदेव' एवढेच आहे आणि आधारवर 'पाटील भास्कर नामदेव' आहे. गावाच्या दृष्टीने माणूस एकच. संगणकाला तो एकच वाटेल याची खात्री नाही.

बायकोच्या नावाचा घोळ याहून मोठा. लग्नात तांदळावर नवे नाव लिहून तिचे माहेरचे नाव बदलण्याची रीत अनेक घरांत होती. जवान सुट्टीवर येऊन लग्न करून गेला आणि युनिटमध्ये माहेरचे नाव सांगितले. मतदार यादीत, बँकेत, आधारवर सासरचे नाव आले. नवरा जिवंत असेपर्यंत कुणाला काही जाणवत नाही. तो गेला, की कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जावर 'नाव जुळत नाही' असा शेरा येतो आणि दुःखात असलेल्या बाईला स्वतःची ओळख सिद्ध करावी लागते. हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे, म्हणूनच तो अधिक बोचतो.

पत्नीच्या जन्मतारखेचा रकाना तर कित्येक जुन्या नोंदींत कोराच असतो. त्याची किंमत उशिरा कळते. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हीच वाढ लागू आहे. जन्मतारीखच नोंदलेली नसेल, तर ही वाढ सुरू कशी होणार?

दुरुस्तीची रीत ठरलेली आहे. जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, शाळेचा किंवा जन्माचा दाखला आणि लग्नाचा पुरावा न्यावा. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यांसमोर करावे. नावबदलासाठी वर्तमानपत्रांत, साधारणपणे एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात, जाहिरात द्यावी लागते. हे सगळे कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जाते. तिथे नोंद सुधारली की प्रयागराजहून शुद्धिपत्र निघते, म्हणजे सुधारित पीपीओ येतो. निवृत्तीनंतर लग्न झाले असेल, तर पत्नीचे नाव चढवण्यासाठी संयुक्त नोंदीचा वेगळा अर्ज आहे. अर्जाची पोच आणि प्रत्येक कागदाची प्रत घरात जपून ठेवावी.

जन्मतारीख: सरसेनापतींनाही न जमलेली दुरुस्ती

सैनिकाच्या स्वतःच्या जन्मतारखेचा प्रश्न वेगळा आणि कठीण आहे. खेड्यात जन्माची नोंद नसे. गुरुजी शाळेत नाव घालताना १ जून लावून मोकळे होत. पुढे खरी तारीख सापडली तरी भरतीच्या वेळी लिहिलेली तारीखच शेवटपर्यंत चालते. बदल हवा असेल तर तो सेवेच्या सुरुवातीच्या काळात मागायचा असतो. नोकरीच्या अखेरीस तारीख बदलून मागणाऱ्यांना न्यायालयांनी वारंवार नकार दिला आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द लष्करप्रमुखांचे आहे. जनरल व्ही. के. सिंग यांची जन्मतारीख सेनेच्याच एका शाखेत १० मे १९५० होती आणि दुसऱ्या शाखेत १० मे १९५१. सरकारने १९५० हेच साल धरले. जनरल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांना याचिका मागे घ्यावी लागली. दोन शाखांत दोन तारखा राहू शकतात, हे या प्रकरणाने देशाला दाखवले. विसंगती ज्या दिवशी दिसेल त्या दिवशीच लिहून कळवावी, हा त्याचा धडा.

हक्काचे पदक, सन्मानाचे पदक

पदकांबाबत सर्वाधिक गैरसमज आहे, आणि तो एका भेदाकडे लक्ष न दिल्याने होतो. काही पदके युद्धात किंवा ठरावीक क्षेत्रात सेवा केल्याबद्दल असतात. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि मेडल, शिवाय सियाचीनचे आणि उंच पहाडी सेवेचे पदक ही त्यांपैकी. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची पदकेही याच जातीची. निकष पूर्ण झाला की ती मिळायलाच हवीत. त्यासाठी कुणाची मर्जी लागत नाही. युनिट त्या क्षेत्रात होते आणि माणूस त्या युनिटच्या हजेरीवर होता, एवढे सिद्ध झाले की पुरे.

उदाहरण घेऊ. डिसेंबर १९७१ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आपली 'जंगी पलटण', लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला लढली. त्या लढाईत असलेल्या जवानाच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार नसेल, तर ती कारकुनी चूक आहे. अशा वेळी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करताना युनिट, कंपनी, काळ आणि ठिकाण नेमके लिहावे. बटालियनच्या युद्ध दैनंदिनीत त्याची पडताळणी होऊ शकते. पदक हरवले असेल, तर प्रतिज्ञापत्र देऊन पैसे भरून दुसरे मागवता येते.

दुसरी पदके शौर्याची. परमवीर, महावीर आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केली गेली. सेना मेडल १९६० चे. ही पदके अर्ज करून मिळत नाहीत. कमांडिंग ऑफिसरने शिफारस लिहायची, ती वरच्या पायऱ्यांवर तपासली जायची, राष्ट्रपतींनी मंजूर करायची आणि राजपत्रात छापायची, असा तो क्रम आहे. तो क्रम त्या काळात झालाच नसेल, तर नंतर न्यायालयेही शौर्याचे मोजमाप करायला बसत नाहीत. पण राजपत्रात नाव आहे आणि पीपीओत नाही, असे असेल तर तो शुद्ध हक्काचा प्रश्न आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला दरमहा २०,००० रुपये, महावीरला १०,०००, वीर चक्राला ७,००० आणि शौर्याच्या सेना मेडलला २,००० रुपये भत्ता ठरला. सेना मेडल शौर्यासाठीही मिळते आणि विशिष्ट सेवेसाठीही, पण हा भत्ता फक्त शौर्याच्या पदकाला आहे. त्यामुळे नोंदीतला तो एक शब्द तपासणे भाग आहे.

जखम कुठे झाली, कशी लिहिली

लढाईच्या नोंदींतला सर्वांत नाजूक रकाना जखमेचा. जवान शत्रूच्या कारवाईत किंवा लष्करी मोहिमेत जखमी झाला, तर त्याची नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी होते. इतर अपघात किंवा आजार असेल, तर 'फिजिकल कॅज्युअल्टी'. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रात मृत्यू आणि अपंगत्वाच्या 'ए' ते 'ई' अशा श्रेणी आहेत. युद्धजखमीचे निवृत्तिवेतन 'ई' श्रेणीला मिळते, आणि मोहिमेत पेरलेल्या सुरुंगाचा अपघाती स्फोटही तिच्यात येतो. फरक मोठा आहे. वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलेल्या १०० टक्के अपंग जवानाला साध्या अपंगत्वापोटी शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के मिळतात, तर युद्धजखमीला १०० टक्के. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याला मिळणारे पराक्रम पदकही याच नोंदीवर अवलंबून असते.

ही नोंद दुरुस्त करायची, तर त्या दिवसाचे कागद लागतात: युनिटचा पहिला अहवाल, चौकशीचा निष्कर्ष, लष्करी इस्पितळाची कागदपत्रे, निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा निर्णय. ते माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात, आणि स्वतःच्या नोंदीची माहिती साधारणपणे तीस दिवसांत मिळायला हवी. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे तो आजार झाला, तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे. तसे नाही, हे सिद्ध करणे सरकारचे काम. २१ सप्टेंबर २०२३ पासून यासंबंधीचे नियम नव्याने आले आहेत. म्हणून आपले प्रकरण कोणत्या काळातले आहे, हे आधी पाहावे लागते.

कागदच नष्ट झाला तर

ज्यांना निवृत्तिवेतन नाही, अशा जवानांचे शीट रोल लष्करी नियमांनुसार साधारण पंचवीस वर्षांनी नष्ट केले जातात. पाच-सात वर्षे सेवा करून घरी आलेल्या कित्येकांना हे उत्तर मिळाले आहे. तरी लाँग रोल नावाची नोंदवही राहते. तिच्यात नंबर, नाव, भरतीची आणि निवृत्तीची तारीख यांसारखी थोडकी माहिती असते. म्हणून अर्जात आर्मी नंबर लिहिणे फार महत्त्वाचे. तो डिस्चार्ज बुकात सापडतो, आणि ते नसेल तर जुन्या पत्रांवर किंवा कोरलेल्या पदकावर.

जगभर हीच अडचण आहे. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या पहिल्या महायुद्धाच्या सैनिकी नोंदींपैकी निम्म्याहून अधिक जळाल्या. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. अमेरिकेने १९४६ मध्येच लष्करी नोंदी सुधारण्यासाठी नागरी मंडळे नेमण्याची कायदेशीर सोय केली होती. तिथे पदकांचा फेरविचारही झाला आहे. १९९७ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या सात कृष्णवर्णीय सैनिकांना सर्वोच्च शौर्यपदक दिले गेले, तेव्हा त्यांतले फक्त व्हर्नन बेकर हयात होते. आपल्याकडे असे वेगळे मंडळ नाही. रेकॉर्ड ऑफिस, त्यावर मुख्यालय आणि शेवटी न्यायाधिकरण, ही आपली शिडी.

न्यायाधिकरणाचे दार

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा आणि प्रत्यक्ष काम २००९ पासून. महाराष्ट्राचे खंडपीठ मुंबईला आहे. आधी खात्यात अर्ज करणे आवश्यक असते. सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणात जाता येते. उत्तर नकाराचे आले, तर त्या तारखेपासून सहा महिने. उशिराचे सबळ कारण असेल तर माफी मागता येते. निवृत्तिवेतनाचे नुकसान दर महिन्याला नव्याने होते, म्हणून तारसेम सिंग खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशिरा आलेल्यालाही दाद दिली, मात्र थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांपुरतीच. उशिराची किंमत अशी रोख मोजावी लागते. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा-भिल्ल घरांतल्या वीरपत्नींपर्यंत ही गोष्ट पोचलीच पाहिजे.

न्यायाधिकरण लढाईची नोंदही तपासू शकते, हे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणाने दाखवले. कारगिल युद्धात त्यांनी बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व केले. युद्धानंतरच्या अहवालात आपल्या कामगिरीचे श्रेय डावलले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. मे २०१० मध्ये न्यायाधिकरणाने वरिष्ठांचा पूर्वग्रह मान्य केला, त्यांच्या गोपनीय अहवालातले प्रतिकूल मूल्यमापन बाजूला सारले आणि युद्धाच्या अहवालात दुरुस्ती करायला सांगितले. लढाईचा इतिहास अस्सल कागदांवरून पुन्हा तपासायचा असतो, हे धुळेकरांना कुणी वेगळे सांगायला नको. पानिपतच्या काळातली पत्रे १८९८ मध्ये छापून इंग्रजी इतिहासकारांच्या चुका दाखवणाऱ्या वि. का. राजवाड्यांनी आयुष्याची अखेर धुळ्यातच घालवली, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे.

नोंदीसाठी भांडणे ही मराठी सैनिकाची परंपराच आहे. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारला उद्देशून विनंतीपत्र तयार केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. आमच्या बापजाद्यांची सेवा तुमच्याच दप्तरात आहे, ती वाचा आणि आमचा हक्क द्या, हा त्या मागणीचा गाभा होता. १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. त्या माणसांपाशी सत्ता नव्हती. सेवेचा पुरावा होता आणि तो मांडण्याची चिकाटी होती.

म्हणून प्रत्येक माजी सैनिकाला कळकळीची विनंती आहे. या वर्षी हयातीचा दाखला द्याल, तेव्हा पत्नीला सोबत न्या. तिचे नाव, तिची जन्मतारीख, तुमची पदके, तुमची जखम हे सगळे पीपीओत आणि स्पर्शमध्ये वाचून घ्या आणि चूक दिसली तर त्याच आठवड्यात अर्ज द्या. तुमच्या पश्चात ते काम तिला एकटीला करावे लागेल, आणि तेव्हा साक्ष द्यायला तुम्ही नसाल. देशासाठी केलेल्या सेवेची खरी नोंद मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. ती लिहून ठेवण्याची जबाबदारी देशाची आहे, आणि तिची आठवण करून देण्याचा पूर्ण अधिकार तुमचा आहे.